कापाडायची झाडं

९ फेब्रुवारी, सोमवार

इंदूने आज फर्मान काढलं. "दिवसभराची कटकट माझ्या कानात ओतू नका, वहीत ओता." म्हणून ही वही. तशी ती संस्थेने दिलीय, कुठल्या दारात काय झालं ते टिपायला. त्यांच्यापुरत्या चार ओळी फाडून देईन, बाकीची वही माझी.

तर मी दत्तोबा, वय एकसष्ट. चाळीस वर्षं हैदराबादच्या बेगम बाजारातल्या मसाल्याच्या पेढीचा फिरता सेल्समन, आजपासून झाडांचा सेल्समन. पेढी दिवाळीत बंद झाली. शेठच्या पोरांना मोबाइलवरून माल विकायचाय, त्यात पायी फिरणाऱ्या म्हाताऱ्याचं काय काम! तीन महिने घरात बसून पंख्याची पाती मोजली. मग हिमायतनगरच्या भजनी मंडळात इंदूला कळलं की एका संस्थेला मराठी बोलणारा, दारोदार फिरणारा, न घाबरणारा माणूस हवाय. ती म्हणाली, "बाकीचं माहीत नाही, पण घाबरत नाहीत एवढं मी लिहून देते."

संस्थेचं नाव नीड. मला वाटलं घरटं. रेणू म्हणाली, "काका, तेलुगूत नीड म्हणजे सावली." ही रेणू आमची साहेबीण. सव्वीस वर्षांची, आपलीच मराठी पोर, पण मराठी वाचायला दिलं की कारलं खाल्ल्यासारखं तोंड करते.

काम असं. कुकटपल्लीत जुन्या गावाकडे जाणारा एक रस्ता रुंद करायचाय. दोन्ही कडांना त्रेचाळीस चिंचा आहेत, सगळ्यांवर चुन्याने नंबर पडलेत. सत्तावीस तारखेपर्यंत रस्त्यालगतच्या शंभर घरांनी लेखी हरकत दिली तर तोडण्याआधी सुनावणी होईल. नाही दिली तर एक मार्चला करवत. एक घर, एक कागद, एक सही. कागद तेलुगूत छापलेला.

रेणूने विचारलं, "मराठी लोकांना काय म्हणाल?" म्हटलं, त्यात काय, सरळ सांगायचं, रस्त्यावरची झाडं कापाडायची आहेत, एक सही द्या. पोरगी खूश झाली. "अरे वा, मराठीतपण कापाडणंच म्हणतात? तेलुगूत पण तेच!" म्हटलं, मग काय! राखणं, जपणं, कापाडणं, सगळं एकच. आमच्या घरात तीन पिढ्या देवाला म्हणतायत, कापाड रे बाबा. तिने वाक्य मोबाइलमध्ये उतरवून घेतलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सव्वीस दारं, पाच सह्या. पहिल्याच दारात बाई म्हणाली, "वद्दंडी," म्हणजे नको. म्हटलं, अम्मा, मी काही विकत नाही. ती म्हणाली, विकत नाही तर मग फुकट काय मागता? बरोबर आहे म्हणा.

एका गृहस्थाने पंधरा मिनिटं दारात उभं करून उलटतपासणी घेतली. झाडं वाचवून तुम्हाला काय मिळतं? म्हटलं, पगार मिळतो. असं बघितलं माझ्याकडे, जणू चोरी पकडली. मी पण सोडलं नाही. म्हटलं, देवळातला पुजारीसुद्धा पगार घेऊन घंटा वाजवतो, म्हणून देव खोटा होतो का? त्याने सही केली नाही. पण त्याची आई आतून आली आणि तिने केली.

पाय दुखतायत. इंदूला सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज झाडं नीट बघितली. आयुष्यभर चिंच विकली, गुजरातची, बस्तरची, बियांची, बिनबियांची, वासावरून सांगेन कुठली ते. पण झाडाखाली कधी पाच मिनिटं थांबलो नव्हतो. सतरा नंबरच्या चिंचेखाली एक इस्त्रीवाला आहे, वडिलांपासून तिथेच. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्याच्या टेबलापाशी सदरा वाळून गार झाला. वर चिंचेचे आकडे लोंबतायत, पिकत आलेले. एक तोडून खाल्ला. पंचेचाळीस वर्षांनी लहान झालो असेन त्या मिनिटापुरता.

मग मला राग आला. कुणावर ते नक्की सांगता येणार नाही. शंभर वर्षांचं झाड, आणि त्याच्या बुंध्यावर कुणीतरी पोत्यावर मार्का टाकावा तसा चुना फासून सतरा लिहून जातो! म्हटलं, दत्तोबा, ही ऑर्डर घेतल्याशिवाय परतायचं नाही.

रस्त्यालगतच्या जुन्या कॉलनीतून माझे आणि संस्थेच्या इतर पोरांचे मिळून चौऱ्याहत्तर कागद झाले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज टॉवर. बावीस मजली, रस्त्याच्या तोंडाशीच. त्याचा ए ब्लॉक मागे, रस्त्यालगत धरत नाहीत; पुढच्या बी ब्लॉकमध्ये सगळे पुण्या-मुंबईचे कॉम्प्युटरवाले. आमच्या पोरांना ते दार उघडत नाहीत, म्हणून तर मला घेतलंय.

गेटवरच वॉचमन आडवा आला. "कहाँ जा रै चाचा? सेल्समन अलाउड नै." मी म्हटलं, मियाँ, तू पैदा झाला नव्हतास तेव्हापासून मी गेटवर अडकतोय, तू काय नवीन अडवणार. आवाज ऐकून एक तरणा गृहस्थ थांबला. सुरेश नाव, पुण्याचा, सोसायटीचा सेक्रेटरी. "काय काम काढलंत काका?" मी आपलं वाक्य टाकलं. रस्त्यावरची झाडं कापाडायची आहेत, प्रत्येक घराची एक सही हवी.

माणसाचा चेहरा असा उजळला! "काय सांगता? अहो, दोन वर्षं आम्ही हेच ओरडतोय. या, या." स्वतः लिफ्टने वर नेलं. त्याची बायको ज्योती, तिने गार ताक दिलं. सुरेशने तेलुगू कागद उलटासुलटा केला, म्हणाला, "हे वाचता येत नाही, पण तुमच्या शब्दावर करतो सही. किती दिवसांत होईल काम?"

"सत्तावीसपर्यंत कागद पोचले की झालंच."

"सगळी झाडं?"

"एक सोडायचं नाही! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस!"

त्याने माझा हात हातात घेऊन हलवला. मग सांगत बसला, पाखरं गाडी घाण करतात, चिंचा पडून काच चिकट होते, शाळेची बस आत येत नाही. एवढा त्रास सोसूनही माणूस झाडांच्या बाजूने! याला म्हणतात शिक्षण. वर पुन्हा माझ्याबरोबर फिरून त्याने मित्रांची दारं दाखवली. एका दिवसात एकोणीस सह्या. चाळीस वर्षांत असा दिवस दोनदा आला असेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सगळेच सुरेश नसतात. नवव्या मजल्यावर केतकी म्हणून मुलगी. वाक्य ऐकून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "काका, हे करावंच लागणार का?" म्हटलं, करावंच लागणार बेटा, आज नाही केलं तर उद्या हात चोळत बसाल. तिने हळूच दार लावून घेतलं. ही आजची पोरं! रडायला तयार, सही करायला नाही.

आणि अकराव्या मजल्यावरचा तो म्हातारा! दारावर भगवंतराव अशी पाटी. दाराबाहेर अकरा कुंड्या, मोजल्या मी, कढीपत्ता, गवती चहा, काय काय. म्हटलं, हा आपला माणूस. तोंड उघडलं तर अंगावर धावून आला. "या वयात हे धंदे? लाज नाही वाटत?" मी म्हटलं, लाज तुम्हाला वाटायला हवी, कुंडीतला कढीपत्ता लाडका आणि रस्त्यावरचं झाड सवतीचं? तो म्हणाला, "चालते व्हा!" धाडकन दार. झाडांचा वैरी आहे मेला, आणि कुंड्या कशा सजवून ठेवल्यात!

मी वहीत त्याच्या नंबरापुढे मोठी काट मारली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

टॉवरच्या चौतीस. एकूण एकशेआठ! रेणूने ऑफिसात सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. घरी येऊन इंदूला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चौतीस पुणेकरांनी न विचारता सही केली? काहीतरी चुकतंय."

बायकोला नवऱ्याचं यश कधी पचलंय!

२१ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला हात उठत नाही, पण लिहितो.

राहिलेली दारं करायला टॉवरवर गेलो. लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला, सुवाच्य मराठीत. "सावधान. रस्त्यावरील झाडे कापण्यासाठी सह्या गोळा करणारा एक वयस्क इसम इमारतीत फिरत आहे. त्यास सही देऊ नये. भगवंतराव, ११०४." कापण्यासाठी! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ अकराव्या मजल्यावर जाऊन बेल दाबली, बोट काढलंच नाही.

म्हातारा बाहेर आला. मी म्हटलं, खोटं लिहायला हात कसा धजला तुमचा?

"खोटं? तुम्हीच म्हणालात, झाडं कापायची आहेत!"

"कापायची कोण म्हणालं? कापाडायची म्हणालो!"

"तेच ते!"

"तेच कसं? कापाडायची म्हणजे कापाडायची!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे राखायची, जपायची! साधं मराठी कळत नाही?"

तो सावकाश म्हणाला, "अहो, असा शब्द मराठीत नाही."

"नाही कसा? माझी आजी म्हणायची."

"तुमची आजी कुठली?"

म्हटलं, उदगीरची, पण आयुष्य गेलं हैदराबादेत. तो म्हणाला, "मग तो तेलुगू असेल." आणि मला रेणूचा खूश चेहरा आठवला, तेलुगूत पण तेच. त्याच्या कुंड्यांच्या कठड्यावर मी बसलोच. म्हटलं, आमच्याकडे झाड तोडतात हो, कापतात ते केस. तो म्हणाला, "आमच्याकडे दोन्ही."

एकेक आठवायला लागलं. सुरेशचं "सगळी झाडं?" माझं "एक सोडायचं नाही." केतकीचे डोळे. त्या पोरीला मी काय काय बोललो! चौतीस लोकांनी माझ्या शब्दावर सही केली आणि माझा शब्दच त्यांना उलटा पोचला. झाडं नकोत म्हणणाऱ्यांच्या सह्या मी झाडं हवीतच्या कागदावर घेऊन टाळ्या खाल्ल्या.

भगवंतरावांनी पाणी आणून दिलं. मेला म्हणालो होतो मी त्यांना.

२२ फेब्रुवारी, रविवार

रेणूला फोन केला. आधी हसली, हसून हसून खोकला आला. मग एकदम साहेबीण झाली. "काका, आता गप्प बसायचं. कागदावर तेलुगूत काय लिहिलंय? झाडं वाचवा. खाली सही आहे ना? आहे. विषय संपला."

"पण त्यांना ते नको होतं."

"त्यांनी वाचून करायची होती सही. चौतीस काढले तर चौऱ्याहत्तर उरतात. पाच दिवस आहेत. झाडं मेली तर तुमच्या खरेपणाचं काय लोणचं घालायचं?"

पोरगी चूक बोलली नाही. दिवसभर हाच विचार. झाडाला काय कळतंय सही कशी आली? सतरा नंबरचा इस्त्रीवाला काय म्हणेल, तुमचा शब्द राहिला चाचा, माझी सावली गेली? मनात आलं, बसावं गप्प. खरंच आलं, खोटं कशाला लिहू.

इंदूला विचारलं. ती म्हणाली, "चाळीस वर्षांत शहाजिरं सांगून जिरं दिलंत का कुणाला?"

"एकदाही नाही."

"मग मला काय विचारताय?"

२३ फेब्रुवारी, सोमवार

चौतीस कागद घेऊन पुन्हा टॉवर. रेणूला आधीच सांगितलं, मला कामावरून काढायचं तर काढून टाक, पण मी जाणार. तिने फोन आपटला.

बेगम बाजारात माल वापस आला की नुसता घेत नाहीत. दुकानदाराच्या हाताने कारण लिहून घ्यायचं, माल ओला, वास उडालेला, मागवलं एक आलं दुसरं. त्याला वापसीची चिठ्ठी म्हणतात. चिठ्ठीशिवाय माल वापस घेतला तर पेढीवर शिव्या खाव्या लागतात. मी तेच केलं. प्रत्येक दारात हात जोडले, म्हटलं, माझ्या बोलण्यात चूक झाली, हा कागद झाडं वाचवण्याचा आहे. नको असेल तर सही काढून घ्या, पण का नको ते खाली चार ओळींत लिहा, नाव-नंबर घाला.

काय काय ऐकलं! एकाने कागद माझ्यासमोर टराटरा फाडला. एक बाई म्हणाली, असे लोक आत येतातच कसे. मी दार बंद होईपर्यंत हात जोडून उभा होतो, पण मान खाली घातली नाही. चूक माझ्या जिभेची होती, नियतीची नव्हती... नियतीची नव्हे, नियतची, म्हणजे मनातल्या हेतूची. बघा, वहीत पण दोन भाषा.

सुरेश म्हणाला, "ही फसवणूक आहे. पोलिसात देईन." म्हटलं, द्या, पत्ता लिहून देतो, हिमायतनगर, दुसरा मजला. त्याने दार लावलं. आतून ज्योतीचा आवाज आला, "अरे, त्यांनी येऊन सांगितलं तरी." पुढचं ऐकू आलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

भगवंतराव दोन दिवस माझ्याबरोबर फिरतायत, गुडघ्याला पट्टा बांधून. मी बोलायला लागलो की मध्येच तोंड घालतात, "वाचवायची आहेत, बरं का, वाचवायची!" मी ओरडतो, मला बोलू द्या. ते ओरडतात, तुमच्या बोलण्यानेच झालंय सगळं. लोक दार उघडून तमाशा बघतात, पण दार उघडतात.

केतकीकडे गेलो. म्हटलं, बेटा, मला माफ कर. तिने ऐकून घेतलं आणि दारातच हसायला लागली, मग रडली, मग सही केली. मी काट मारलेल्या दारांतून अशा सात सह्या मिळाल्या, भगवंतरावांची धरून. चौतीसांतले सहा म्हणाले, असू दे काका, झाडं तर झाडं. बारा जणांनी नकाराचं कारण लिहून दिलं. बाकीच्यांनी नुसतं फाडलं, आणि चार घरांना कुलूप होतं, त्यांचे कागद मीच बाजूला काढले.

म्हणजे आमच्या बाजूचे सत्त्याऐंशी. शंभराला तेरा कमी, आणि त्या रस्त्यावर आता माझं एकही दार उरलेलं नाही.

रेणूला गठ्ठा दाखवला. नकाराचे बारा कागद बघून तिने कपाळाला हात लावला. "हे पण जोडणार? काका, आपणच आपल्या पायावर धोंडा!" म्हटलं, माल वापस आलाय तर चिठ्ठी गठ्ठ्याला लागते. लपवायची नसते. तिने ते बारा कागद स्वतः गठ्ठ्याच्या खाली लावले. मग म्हणाली, "हरायचंच आहे तर तुमच्या पद्धतीने हरू." पोरगी चांगली आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी भगवंतरावांना घ्यायला टॉवरच्या गेटवर गेलो, तर सुरेश धावत खाली आला. हातात टाइप केलेली दोन पानं, खाली सही. "लेखी हवं होतं ना? हे घ्या. आमची बाजूही कळू दे त्यांना." धाप लागली होती त्याला. घेतली पानं.

रिक्षात वाचली. गाड्या, अंधार, शाळेची बस, वळणावर दोनदा झालेले अपघात. माणूस मूर्ख नाही, हे कबूल करायला लागलं. रिक्षा नाल्यावरच्या पुलावर अडकली होती. पानं हातात, खाली काळं पाणी. कुणाला कळलं असतं? भगवंतराव माझ्याकडे बघत होते. पानं सरळ करून गठ्ठ्याच्या तळाशी घातली.

महापालिकेच्या ऑफिसात रेणू आधीच उभी. खिडकीतल्या बाईने बोट ओलं करून कागद मोजायला घेतले. मी म्हटलं, मॅडम, वरचे सत्त्याऐंशी झाडं हवीत म्हणणारे, खालचे नको म्हणणारे, वेगळे मोजा. तिने ऐकल्यासारखं केलं नाही. मोजत गेली. सत्त्याऐंशीला थांबलीच नाही. सुरेशची पानं शेवटी आली, त्यावर बोट ठेवून म्हणाली, "वंद." शंभर.

रेणू म्हणाली, हरकती शंभर हव्यात ना? बाईने नोटीस तिच्याकडे सरकवली. "नीट वाचा अम्मा. शंभर घरांचं लेखी म्हणणं, एवढंच आहे. हवं की नको, ते सुनावणीत बघतील." रेणूने नोटीस दोनदा वाचली आणि माझ्याकडे बघितलं. तीन महिने अख्ख्या संस्थेने तो एक शब्द हरकत म्हणून वाचला होता. मी म्हटलं, बघ, जीभ फक्त माझीच घसरत नाही.

सुनावणी बारा मार्चला, सकाळी अकराला. तोवर एकाही झाडाला हात लावायचा नाही, असा शिक्का मारून कागद मिळाला. भगवंतरावांनी तो चष्मा काढून वाचला, चष्मा लावून वाचला. मला रडू आलं, लपवलं नाही.

बाहेर येऊन पहिला फोन सुरेशला लावला. म्हटलं, साहेब, शंभरावा कागद तुमचा निघाला, तुमच्यामुळे सुनावणी लागली. तो म्हणाला, "म्हणजे मी माझ्याच..." म्हटलं, नाही हो, तुमचंही ऐकतील, जरूर या. मीही येतोय. माझ्याकडे अजून तेरा दिवस आहेत, सुनावणीला तर कुणालाही येता येतं, आणि तुमच्या ए ब्लॉकची दारं मी अजून वाजवलेलीच नाहीत.